इंगोले साहेबांचं आभाळ

इंगोले साहेब आभाळाकडे पाहण्याआधी रस्त्याकडे पाहत. रस्त्यावर कोणी असेल तरच मान वर जाई. मग डाव्या हाताची सावली कपाळावर, उजव्या हाताचं बोट ओठांवर, डोळे बारीक. बघणारा पुढे निघून गेला की मान खाली. बोरी अरबच्या बसथांब्यापाशी त्यांची ओसरी होती आणि तिच्या समोरच आमचं बिछायत केंद्र. त्यामुळे हा कार्यक्रम मी वर्षानुवर्षं पाहिला. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी वर पाहिलेलं मला कधी दिसलं नाही.

मला हवामान लागतं ते कामापुरतं. बिछायतीचा धंदा लग्नसराईचा, आणि आमच्या भागात नेमकं त्याच दिवसांत आभाळ फिरतं. दुपारपर्यंत अंगाची लाही, मग एका कोपऱ्यात काळं, आणि त्यानंतर वावधन सुटतं ते असं की मंडपाचे लोखंडी पाइप पिळून निघतात. कोणत्या गावाला ताडपत्र्या पाठवायच्या, कनाती कधी उतरवायच्या, भट्टी कोणत्या बाजूला लावायची, हे मला आदल्या दिवशी ठरवावं लागतं. माझ्या दुकानाच्या भिंतीवर याद्या असतात. गाद्या, सतरंज्या, वाढपी, बादल्या, दोर. यादीत नसलेली वस्तू मंडपात पोहोचत नाही, हा माझा अनुभव आहे. अशा बाईच्या समोर देवाने हवामान सांगणारा माणूस आणून बसवला तर तिने आनंद मानावा. मी पहिल्या वर्षी मानलाही.

इंगोले साहेब साहेब नव्हते. तालुक्याच्या एका कचेरीत ते कारकून होते आणि इतर कामांबरोबर पर्जन्यमापकाचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर नळकांड्यात साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं आणि आकडा वर कळवायचा. पडलेला पाऊस मोजणारा माणूस निवृत्त झाल्यावर पडणारा पाऊस सांगू लागला. मुनीम होता म्हणून त्याला उद्याचा बाजारभाव कळतो, असं कोणी म्हटलं तर लोक हसतील. इंगोले साहेबांना कोणी हसलं नाही. माझे यजमान तर रस्ता ओलांडून त्यांना नमस्कार करत.

आणि मोजणं तरी ते स्वतः करत होते का, याचाही मला संशय आहे. त्यांच्या कचेरीतला शिपाई निवृत्तीनंतर आमच्याकडे वाढप्याचं काम करायचा. तो सांगे, "पावसात साहेब कायले बाहेर येतात, वहिनी! खिडकीतूनच इचारत, 'किती झाला रे?' मी म्हणो, 'लय झाला.' मंग साहेब म्हणत, 'लय म्हणजे कालच्यापेक्षा लय का परवाच्यापेक्षा लय?' मी म्हणो, 'परवाच्यापेक्षा.' झालं!"

निवृत्त होताना साहेबांनी ते काचेचं माप घरी आणलं. अंगणात पत्र्याच्या डब्यावर नरसाळं बसवून स्वतःचं पर्जन्यमापक केलं. ओसरीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर, एक होकायंत्र, एक ट्रान्झिस्टर आणि प्लास्टिकची पांढरी खुर्ची. खुर्ची नेहमी रस्त्याकडे तोंड करून. एवढ्या सामानावर त्यांनी कैक वर्षं आसपासच्या खेड्यांचं आभाळ चालवलं.

त्यांची बोलण्याची एक तऱ्हा होती. नोकरीतली मराठी त्यांनी जपून ठेवली होती. आम्ही सगळे वऱ्हाडीत बोलत असताना ते म्हणत, "शक्यता नाकारता येत नाही." शेतकरी विचारी, "साहेब, हरभरा उपटून खळ्यात टाकू का?" साहेब रस्ता पाहत, आभाळ पाहत, बोट ओठांवर ठेवत आणि म्हणत, "माझ्या हिशेबाने पूर्वेकडे प्रमाण राहील." आता बोरीच्या पूर्वेला काय कमी गावं आहेत? कुठे ना कुठे चार थेंब पडतच. दुसऱ्या दिवशी साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत, "म्हटलं होतं ना, पूर्वेकडे?" एका चैत्रात मी त्यांचे सगळे अंदाज कॅलेंडरच्या मागे टिपून ठेवले. महिनाअखेरीस पाहिलं तर एकही चुकलेला नव्हता. कारण एकातही काही सांगितलेलं नव्हतं.

त्यांच्या घरी मात्र त्यांना कोणी विचारत नसे. त्यांच्या बायकोने कुरडयांचा चीक शिजवायला घेतला की ती खिडकीतून डोकं बाहेर काढून पाही आणि गच्चीवर जाई. एकदा ती कुरडया घालत असताना साहेब खालून म्हणाले, "दुपारनंतर ढगाळ वातावरणाची शक्यता." वरून उत्तर आलं, "तुम्ही कचरा बाहेर टाकला का?"

ती वर्षं कापसाला भाव नसण्याची होती. खेड्यांतून फिरायला मुंबई-दिल्लीच्या वार्ताहरांच्या गाड्या येत. माणसं उतरत, घरांचे फोटो काढत, म्हाताऱ्यांना विचारत. गाडी बसथांब्यापाशी थांबली की इंगोले साहेबांची खुर्ची दोन वीत पुढे सरके. त्यांचं शेत नव्हतं, वखर कधी हातात धरला नव्हता, पण कॅमेऱ्यासमोर पर्जन्यमानावर ते इतकं बोलले की कॅमेरावाल्या पोराने शेवटी लेन्सला झाकण लावलं. बातमी लागणार त्या संध्याकाळी साहेबांनी ओसरीवर टीव्ही मांडला, गाव गोळा केलं. माझे यजमान पहिल्या रांगेत. बातमीत कापसाच्या सुकलेल्या पऱ्हाट्या आल्या, रिकामी बैलगाडी आली, आणि शेवटी एक हात आला, आभाळाकडे बोट दाखवणारा. मनगटाच्या मागचं काही नाही. साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हा मी!"

पुढे कोणी नवा माणूस भेटला की ते तोच हात वर करून दाखवत. "हा टीव्हीवर येऊन गेलेला आहे." हे ते विनोदाने म्हणत नसत.

इथवर साहेबांचं सगळं निरुपद्रवी होतं, असं कोणी म्हणेल. माझे यजमान अजूनही म्हणतात. मी म्हणत नाही, आणि त्याचं कारण वानखड्यांच्या घरचं लग्न.

शोभाबाई वानखडे आमच्या मागच्या गल्लीत राहतात. नवरा दारव्हा-बोरी काळीपिवळी जीप चालवतो, शेती ती एकटी पाहते. घरात सासरे, ज्यांना सारं गाव आबाजी म्हणतं, आणि दोन मुली. मोठी प्रज्ञा, धाकटी करुणा. त्या वर्षी प्रज्ञाचं लग्न ठरलं, आणि करुणाला यवतमाळला नर्सिंगला प्रवेश मिळाला. दोन्ही एकाच उन्हाळ्यात. लग्नाचं कसंबसं जमवलेलं होतं. करुणाचं सगळं घरातल्या कापसावर होतं.

आमच्याकडे भाव पडला की कापूस घरात भरतात. आज विकला तर हाती काही लागत नाही, म्हणून भाव येईल या आशेवर ठेवायचा. आधी मागची खोली, मग मधली, मग पुढच्या दारापर्यंत. खाली पायाने तुडवत, वर छताला लागेपर्यंत. माणसं अंगणात झोपतात, कापूस घरात झोपतो. उन्हाळा लागला की त्यातून बारीक किडे निघतात, अंगाला खाज सुटते, लेकरं रात्रभर खाजवतात. करुणाने त्या कापसाशेजारी कंदील ठेवायचीही चोरी म्हणून अंगणासमोरच्या दिव्याच्या खांबाखाली बसून बारावी केली होती. एकदा हातावरचे लाल फोड दाखवत ती मला म्हणाली, "वहिनी, हे पाहा, माह्या अॅडमिशनचे शिक्के."

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात आभाळ बिघडलं. एक दिवस नेरकडे गारा पडल्या, दुसऱ्या दिवशी नुसता वारा आणि धूळ. रेडिओवर रोज संध्याकाळी तेच: विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पावसाची शक्यता. दिग्रसकडची वरपक्षाची मंडळी आदल्या दिवशीच मुक्कामाला येणार होती. शोभाबाईपुढे प्रश्न होता तो असा: पाहुणे घरात घ्यायचे तर कापूस बाहेर काढावा लागणार. कापूस घरात ठेवायचा तर पाहुणे उघड्यावर.

मी माझं मत दिलं. "कापूस हलवू नका. पाहुण्यांना मंडपात झोपवा, मी बाजूने कनाती बांधून देते. पाहुणे भिजले तर वाळतात."

शोभाबाईला ते पटलं होतं. पण तिच्या नवऱ्याला वरपक्षासमोर कमीपणा नको होता. "पोट्टीच्या सासरचे मंडपात झोपतीन का? काय म्हणतीन ते?" शेवटी इंगोले साहेबांना विचारायचं ठरलं.

आम्ही सगळे ओसरीसमोर उभे होतो. आबाजीही काठी टेकत आले होते. तरुणपणी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला हा माणूस. त्यांच्या घरी मुहूर्त पाहत नाहीत, सुटीचा रविवार पाहून लग्न ठरतं. ते सुनेला म्हणाले, "बापा बापा! पंचांग सोडून माह्यी जिंदगी झाली, अन् तुम्ही मले आता कुठं आणून उभं केलं वं!"

लोक हसले. साहेबांना ते लागलं. बसथांब्यावर बरीच माणसं होती, सगळी पाहत होती. साहेबांनी सावली केली, बोट ओठांवर ठेवलं, आणि नेहमीचं सुरू केलं. "माझ्या हिशेबाने पूर्वेकडे..."

"साहेब," शोभाबाईने मधेच तोडलं, "पूर्वेकडचं मले नोका सांगू. माह्या अंगणात पाणी येते का नाई येत? हो म्हणा, नाई तं नाई म्हणा."

असं त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं. साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. तिथे फक्त तोंडं होती. माझे यजमान मान हलवून त्यांना धीर देत होते. आणि मग साहेब खुर्चीवरून उठले, टीव्हीवर येऊन गेलेला तो हात वर केला आणि म्हणाले, "नाही. ढग येतात ते अडाण नदीवर येऊन फाटतात. अर्धे नेरकडे जातात, अर्धे दिग्रसकडे. सोमवारपर्यंत बोरीचं आभाळ माझ्या शब्दात आहे. खुशाल काढा कापूस."

मी म्हटलं, "अन् रेडिओ सांगतो ते?"

"रेडिओ नागपूरचा आहे, वहिनी," साहेब म्हणाले. "मी बोरीचा आहे."

टाळी पडायची तेवढी राहिली होती.

शुक्रवारी कापूस निघाला. जुन्या लुगड्यांची गाठोडी बांधून सगळी गल्ली वाहत होती. परसात सतरंज्या टाकून त्याचा डोंगर केला, वरून लुगडी पांघरली. मी माझ्या यजमानांना सांगितलं, "दोन ताडपत्र्या वानखड्यांकडे राहू द्या." ते म्हणाले, "साहेबांनी सांगितलं ना आता! दारव्ह्याच्या पार्टीने मागितल्या, मी सगळ्या तिकडं देऊन बसलो." यादीत मी 'ताडपत्र्या, वानखडे' असं लिहिलं होतं. ते त्यांनी पाहिलंही नव्हतं. यावर आमच्या घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी लग्न सुरेख झालं. प्रज्ञा पांढऱ्या साडीत, वंदना म्हणताना आबाजींचा आवाज सगळ्यांच्या वर. इंगोले साहेबांना माझ्या भाड्याच्या लाल सोफ्यावर वराच्या काकांशेजारी बसवलं होतं. नवीन टोपी. येणाऱ्या प्रत्येकाला ते वर बोट करून दाखवत. आभाळ निळंशार होतं. मी मान्य करते, सकाळी ते खरंच निळंशार होतं.

दुसरी पंगत बसली आणि वारा पडला. पान हलेना. मी वाढप्यांना हळूच सांगितलं, "भाजीच्या पातेल्यांवर झाकणं टाका." नेरच्या बाजूने काळं उठलं ते पाहता पाहता डोक्यावर आलं. साहेब सोफ्यावर बसूनच म्हणाले, "फाटेल. अडाणवर फाटेल."

अडाणवर काही फाटलं नाही. फाटली ती आमची कनात. वावधनाने परसातली लुगडी पतंगासारखी उडवली आणि त्याच्या पाठोपाठ टपोरे थेंब, मग सरळ धार. मी ओरडले, "मंडप सोडा! कापड कापसावर घ्या!" पोरांनी दोर कापले. जेवणाऱ्यांच्या डोक्यावरचं कापड ओढून कापसावर नेलं, पण मंडपाचं कापड ते, सावलीपुरतं. पाणी त्यातून गाळून खाली जात होतं. वरपक्षाची माणसं पत्रावळी टाकून धावली. नवरदेवाचा बाप बनियनवर, कवेत कापूस घेऊन घरात पळत होता. प्रज्ञाने पदर खोचला आणि उंबऱ्यात उभी राहून हाताला येईल ते आत फेकत राहिली. कापूस ओला झाला की किती जड होतो ते त्या दिवशी कळलं. आधी कवेत मावे तो, नंतर उचलवेना.

या धावपळीत सोफा रिकामा दिसला. मला वाटलं, चला, साहेब घरी गेले, निदान त्यांच्या गोठ्यावरची ताडपत्री घेऊन येतील. गोठ्यावर ताडपत्री होती, मी रोज पाहत होते.

पाऊस थांबला तेव्हा साहेब आले. हातात काचेचं माप. ते डोळ्यांसमोर धरून, पाणी हलू नये म्हणून जपून पावलं टाकत आले. चेहरा उजळलेला.

"एकवीस!" ते मला म्हणाले. "एकवीस मिलीमीटर, वहिनी! चैत्रात!"

मी काही बोलायच्या आत करुणा पुढे आली. नवा ड्रेस अंगाला चिकटलेला, केसांत सरकी, दोन्ही हातांत चोथ्यासारखा ओला कापूस.

"काका," ती म्हणाली, "तेही पाणी इकडंच ओता. तिकडल्या कोपऱ्यात थोडा कोरडा राह्यला."

साहेबांनी मापाकडे पाहिलं, करुणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरी, हे वारं बोरीचं नव्हतं. हे नेरचं वारं होतं."

मी आजवर पुष्कळ माणसं पाहिली. मंडपाचं भाडं बुडवणारी, भांडी घरी नेणारी, जेवून नावं ठेवणारी. पण त्या वाक्याइतकं हलकं काही मी ऐकलेलं नाही.

कापूस चार दिवस उन्हात उलटापालटा केला. वाळला, पण पिवळे डाग पडले आणि कुबट वास धरला. व्यापाऱ्याने हात आत घातला, बाहेर काढला आणि पॅन्टला पुसला. जे द्यायचं ते देऊन तो घेऊन गेला. करुणाचं नर्सिंग त्या वर्षी राहिलं. शोभाबाई म्हणायची, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी भाव त्याहून वाईट होता. करुणा दारव्ह्याला साड्यांच्या दुकानात कामाला लागली. जाताना-येताना ती साहेबांच्या ओसरीसमोरच जीपची वाट पाही आणि साहेब त्या वेळी ट्रान्झिस्टरची पट्टी फिरवत बसत. त्यांनी तिला कधी एक शब्द विचारला नाही. माफी तर दूरच.

बाकी सगळं पहिल्यासारखं चालू राहिलं, हे मला सगळ्यात असह्य होतं. माझे यजमान म्हणत, "अंदाजच तो शेवटी."

"मग अंदाज म्हणून सांगायचा," मी म्हणे. "शब्द कशाला द्यायचा?"

"मोठ्या माणसाकडूनही चूक होते."

"मोठा कोण?"

यावर ते चहा मागत.

त्याच वर्षी मृगाच्या तोंडावर मी पाहिलं तर शोभाबाई साहेबांच्या ओसरीसमोर उभी. पेरणीचं विचारत होती. साहेब सावली करून, बोट ठेवून पूर्वेकडचं प्रमाण सांगत होते. मी तिला दुकानात बोलावलं आणि चांगलं झापलं. "लाज नाही वाटत? त्या बह्याडाला विचारता? अजून काय भिजायचं राहिलं?"

शोभाबाई शांतपणे गाद्यांच्या थप्पीवर बसली. "मंग इचारू कोणाले, वहिनी?"

"रेडिओ ऐका."

"रेडिओ म्हणते, विदर्भात तुरळक ठिकाणी. माह्यं वावर तुरळक हाये का बाकीचं, हे कोण सांगन मले? बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत एकच वाक्य. तुमच्या त्या रेडिओले बोरी माहीत तरी हाये का? हा लबाड हाये, मले काय समजत नाई? पण हा 'बोरी' तं म्हणते."

मी तिच्यासाठी चहा सांगितला.

काही वर्षांनी करुणाचं लग्न ठरलं. मुलगा आर्णीकडचा, शाळेत शिपाई. पुन्हा चैत्र, पुन्हा तोच आठवडा, दुपारी लाही आणि संध्याकाळी गडगडाट. वानखड्यांच्या घरात पुन्हा छतापर्यंत कापूस. करुणा माझ्या दुकानात बसून सामानाची यादी लिहून देत होती, आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. एवढ्यात रस्त्यापलीकडे तिची आई साहेबांच्या ओसरीशी गेलेली आम्हाला दिसली. बसथांब्यावरचे रिकामटेकडे लगेच जमले. करुणाने पेन खाली ठेवलं आणि रस्ता ओलांडून गेली. मी मागे.

"साहेब," शोभाबाई म्हणाली, "करुणाचं लगन हाये रविवारी. सांगा."

आवाजात राग नव्हता. टोमणा असेल तर तो मला कळला नाही.

साहेब तोवर थकले होते. टोपी कानांवर आलेली. त्यांनी सवयीने रस्त्याकडे पाहिलं आणि त्यांना करुणा दिसली. हात कपाळाकडे निघाला होता, तो छातीपाशीच थांबला. मग मांडीवर आला.

"मले नाई माहीत," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"नाई माहीत, बाई. पाणी येईन, नाई येईन. मले समजत नाई."

आता लोक खूश व्हायला हवे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या माणसाने खरा अंदाज सांगितला होता. पण लोक चिडले. "असं काय करता साहेब, सांगा ना काहीतरी!" एक म्हणाला. "मागं तं लय सांगून राह्यलते." दुसरा म्हणाला, "माहीतच नाई तं खुर्ची टाकून कायले बसता इथं?" माझ्या यजमानांचा चेहरा तर कोणीतरी घरातलं गेल्यासारखा झाला. साहेबांनी ट्रान्झिस्टर उचलला आणि आत गेले. त्या दिवसापासून खुर्चीभोवतीची गर्दी ओसरली ती परत आली नाही. खोटं सांगत होते तोवर गाव त्यांच्या पायाशी होतं. आमचं गावही काही कमी नाही.

करुणा परत येऊन पेन माझ्या हातात देत म्हणाली, "लिहा वहिनी. ताडपत्र्या."

"किती?"

"असतीन तेवढ्या."

मी तेवढ्याच लिहिल्या. इंगोले साहेबांच्या अंदाजावर विश्वास ठेवून मी काम केलं ते तेवढं एकदाच. कापूस घरातच राहिला. पाहुणे मंडपात, चारी बाजूंनी कनाती, वर ताडपत्र्या, प्रत्येक खांबाला दुप्पट दोर. आर्णीच्या लोकांनी काही कमीपणा मानला नाही, रात्रभर पत्ते खेळले.

लग्नाच्या दिवशी सकाळपासूनच झाकोळ होता. आभाळ नुसतं गुरगुरत होतं. शेवटच्या पंगतीला मी पत्रावळी मोजत फिरत होते तेव्हा साहेब दिसले. आमंत्रण सगळ्या गल्लीला होतं, त्यात तेही आले होते. सोफ्यावर त्यांना कोणी नेलं नाही. शेवटच्या रांगेच्या टोकाला, मंडपाची ताडपत्री जिथे संपते तिथे, ते एकटे जेवत होते. वाढप्याने त्यांना जिलबी विचारली नाही आणि मीही त्याला परत पाठवलं नाही. मला त्यांची दया आली असं कोणी समजू नये.

पण मी तिथे थोडी थांबले. साहेब एक घास घेत आणि वर पाहत. पुन्हा घास, पुन्हा वर. कपाळावर हात नव्हता, ओठांवर बोट नव्हतं. वाढप्याची पाठ होती, रांग उठत होती, त्यांच्याकडे पाहणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि त्यांनीही कोणी पाहतंय का ते पाहिलं नाही. समोर वानखड्यांचं दार उघडं होतं आणि आत छतापर्यंत कापूस कोरडा उभा होता. साहेब त्या दाराकडे पाहत आणि मग वर पाहत, ज्याचा स्वतःचा कापूस बाहेर पडलेला आहे असा माणूस पाहतो तसं.